स्विचबाई आणि दादांचं बदक

लॉंड्रीत तिला सगळ्याजणी स्विचबाई म्हणायच्या. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि नाव तिनं स्वतः कमावलेलं असल्यामुळे तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. पाळी संपली की बाकीच्या बायका एप्रन खुंटीला लावून, केस सारखे करून दाराबाहेर पडायच्या, आणि ही परत आपल्या टेबलाशी. स्विच बंद आहे? आहे. प्लग काढला? काढला. इस्त्री उभी ठेवली? ठेवली. मग दारापर्यंत जायची आणि तिथून पुन्हा मागे यायची. "अगं, आत्ताच तर बघितलंस!" म्हणून कुणी ओरडलं की म्हणायची, "बघितलं गं, पण बघितल्याचं नीट आठवत नाही." आता यावर कोण काय बोलणार?

पण उगाच हसू नका. नवीन नवीन कामाला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी कुणीतरी हाक मारली म्हणून इस्त्री तशीच टेबलावर पालथी टाकून गेली, आणि हॉटेलातून आलेल्या टेबलक्लॉथचा गठ्ठाच्या गठ्ठा पेटला. माणसांना काही झालं नाही, पण भिंत छतापर्यंत काळी झाली. मालकीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी खाल्ली की माणूस मोकळं होतं. न खाल्लेली शिवी हिच्या डोक्यात बसली ती बसलीच. पुढे ती लॉंड्रीतली सगळ्यात चांगली इस्त्रीवाली झाली. कोटाची कॉलर बसवावी तर तिनंच. पण जित्याची खोड काही जाईना.

घरी ती धाकटी. दोघा भावांचं एकच घर होतं, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या वर, जिना चढून गेलं की तीन खोल्या. धाकटीचा नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचे. आणि थोरली जाऊ खिडकीशी मशीन मांडून घरीच शिवणकाम करायची: पँटची लांबी कमी करा, झगा कमरेत घ्या, चेन बदला. नवीन कपडा ती शिवत नसे. म्हणायची, "नवीन शिवणं सोपं आहे हो, बिघडलेलं सारखं करून दाखवा." जीभ तिची कात्रीपेक्षा धारदार, पण कात्रीसारखीच सरळ. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, "मी रागावते. मनावर घेऊ नकोस. आणि घेतलंसच तर तोंडावर सांग." दोघींचं छान जमायचं. इतकं छान, की ट्रकवाला म्हणायचा, "मी घरी नसलो तरी चालतं वाटतं तुम्हांला!" दोघी एका सुरात म्हणायच्या, "चालतं."

आता त्या बदकाकडे येऊ.

दादांनी मुलीसाठी एक हातातला खेळ आणला होता. साबणाच्या वडीएवढा, हिरवट करड्या पडद्याचा, दोन बटणं उजवीकडे आणि फुलीच्या आकाराचं एक डावीकडे. त्या काळात एक कार्टून लागायचं, त्यावरून तो खेळ काढलेला. गोष्ट जुनीच, परीकथेतली: चेटकीण राजाच्या मुलीला काचेच्या मनोऱ्यात झोपवून ठेवते, आणि राजवाड्याच्या तळ्यातलं एक बदक तिला उठवायला निघतं. बदकाला उडता येत नाही. म्हणून सगळा प्रवास उड्या मारत. आधी तळं, मग पवनचक्की, मग जंगल, मग बर्फ, आणि शेवटी मनोरा. वाटेत साळिंदरं, वटवाघळं, खड्डे. तीन बदकं मेली की खेळ खलास. मोती गोळा केले तर एखादं बदक जास्तीचं मिळायचं. मधलं एक छोटं बटण दाबलं की बदक जिथल्या तिथं थांबायचं, पण मुख्य गोंधळ म्हणजे खेळ जपून ठेवायची सोयच नव्हती. बंद केलं की पुन्हा तळ्यापासून सुरुवात.

मुलीला आठवड्याभरात कंटाळा आला. बाप मात्र अडकला! दिवसभर लिफ्टमध्ये उभे राहून दादा घरी यायचे, आणि चहा प्यायच्या आधी बदक. सेल भराभर संपायचे म्हणून त्यांनी त्याला एक वायर जोडून घेतली आणि तो खेळ स्वयंपाकघरातल्या फळीवर, इस्त्रीच्या प्लगशेजारी मुक्कामाला आला. कितीही वर्षं खेळले तरी मनोऱ्याच्या शेवटच्या सज्ज्यावरून त्यांचं बदक धाडकन खाली यायचं. थोरली मशीनवरून ओरडायची, "पडलं का?" "पडलं." "दिवसभर अख्ख्या दुनियेला वर पोचवता, आणि एक बदक पोचवता येईना?" दादा म्हणायचे, "माणसं गुपचूप उभी राहतात गं. हे उड्या मारतं."

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. बदक तिथंच.

आणि मग दादांच्या छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात ठेवलं. चारदोन दिवसांत घरी सोडतील असं डॉक्टर म्हणत होते, त्यामुळे कुणी फार धास्तावलेलं नव्हतं. त्या दुपारी थोरली एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायला गेली आणि धाकटी दादांजवळ बसली. बसली म्हणजे काय, चुळबुळत राहिली. सकाळी दादांचे सदरे इस्त्री करून ती निघाली होती, आणि आता तिला काही केल्या आठवेना, की इस्त्री बंद केली का. घरात कुणी नाही. खाली किल्लीवाल्याचं दुकान, वर लाकडी छत. लॉंड्रीतला तो जुना जाळ तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागला.

दादांनी ओळखलं. "इस्त्री ना?"

"नाही हो, काही नाही."

"अगं, जा. बघून ये. नाहीतर माझ्याआधी तुलाच इथं भरती करावं लागेल. आणि येताना माझं बदक घेऊन ये, पडून पडून कंटाळा आलाय."

"जाऊबाई येईपर्यंत थांबते."

"जा गं, धाकटे. मी कुठं पळून चाललोय?"

ती गेली. इस्त्री बंद होती. प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळलेली. स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, फळीवरचा खेळ उचलला आणि धावतच परत आली. खोलीच्या दारात पोचली तेव्हा आत थोरली उभी होती, डॉक्टर उभे होते, नर्स पडदा ओढत होती. दादा पळून गेले होते.

थोरलीनं वळून पाहिलं ते थेट तिच्या हातातल्या खेळण्याकडे. "खेळणं आणायला गेली होतीस?"

आता इथं धाकटीनं सरळ सांगायचं, की दादांनीच पाठवलं, त्यांनीच मागितलं. पण माणसाच्या तोंडातून अशा वेळी नेमकं नको ते आधी बाहेर पडतं. ती म्हणाली, "इस्त्री बघायला..."

"इस्त्री!" थोरली म्हणाली. "तुझ्या इस्त्रीपायी माझा माणूस एकटा गेला."

त्यानंतर थोरली तिच्याशी बोलली नाही. एक शब्द नाही. पहिले काही दिवस धाकटी सांगायला जायची, तर थोरली उठून मशीनवर बसायची आणि पायडल हाणायची. त्या खडखडाटात कोण काय सांगणार? मग धाकटीलाही पीळ चढला. माझी काय चूक? ज्यांना ऐकायचंच नाही त्यांना मी का सांगू? विचारतील तेव्हा सांगीन. आणि आत, पार आत, तिला दुसरंच काही खात होतं: इस्त्री बंदच तर होती. उगाच गेले. थांबले असते तर हात तरी हातात असता. म्हणून सांगायची हिंमतही होईना. असे दादांचे शेवटचे शब्द तिच्यापाशीच पडून राहिले. थोरलीला ठाऊकही नव्हतं की आपला असा काही ऐवज या घरात, पलीकडच्या खोलीत आहे. धाकटीला मात्र तो दिवसरात्र टोचायचा.

एका स्वयंपाकघरात दोन बायका न बोलता कशा राहतात, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं पाहावं. थोरली पातेल्याशी बोलायची. "दूध नासलंय रे बाबा, कुणी आणेल तर बरं." धाकटी खिडकीशी बोलायची. "मी संध्याकाळी आणणारच आहे." ट्रकवाला घरी आला की दोघी त्याच्याशी बोलायच्या, म्हणजे त्याच्यामार्फत एकमेकींशी, आणि त्या बिचाऱ्याची गत इकडे आड तिकडे विहीर. दोन दिवसांत तो म्हणायचा, "लांबचं भाडं मिळालंय," आणि पसार.

बरेच महिने असेच गेले. मग एकदा थोरलीनं दवाखान्यातून आलेली पिशवी धुवायला काढली. पिशवीत तो खेळ होता. तिनं तो पुसला, फळीवर ठेवला, वायर लावली, आणि मशीन सोडून उभ्याउभ्या खेळायला लागली. धाकटी कामावरून आली तर स्वयंपाकघरात ती चिरकी चाल वाजत होती. दारातच तिचे पाय थबकले. थोरली पडद्यावरून डोळे न काढता पातेल्याला म्हणाली, "ह्यांचं बदक वर पोचवल्याशिवाय मी काही गप बसायची नाही."

थोरलीचा अंगठा चपळ, सुईवर घडलेला. साळिंदरांवरून ती टणाटण जायची. पण धीर नावाची गोष्ट तिच्याकडे कधी नव्हती. रोज थोडं खेळायची, मग मधलं बटण दाबून बदक जिथल्या तिथं थांबवून ठेवायची, आणि खेळ तसाच चालू. इथं धाकटीची मोठी पंचाईत. घराबाहेर पडताना गॅस, नळ, इस्त्री आणि त्या भिंतीवरचे सगळे स्विच ती एका हाताच्या फटक्यात खाली पाडायची. सवयच ती. पहिल्या दिवशी पाडता पाडता वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर खेळाच्या वायरीला आणि स्विचलाही शिवणाचा लाल दोरा गुंडाळलेला. कुणी बोललं नाही, पण बोललंच की. धाकटी त्या दोऱ्याकडे बघत उभी राहिली आणि तिला एकदम रडू आलं. इतक्या महिन्यांत थोरलीनं तिच्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट होती.

मग एक दिवस थोरली कपडे पोचवायला गेली असताना धाकटीनं पडदा पाहिला. बदक पवनचक्कीच्या भिंतीपाशी अडकलेलं. त्या भिंतीत एक खोटी वीट आहे, हे तिला माहीत होतं. दादा खेळायचे तेव्हा ती शेजारीच इस्त्री करत उभी असायची ना! तिनं इकडेतिकडे पाहिलं, बटण दाबलं, उडी मारली, आणि बदक सरळ खड्ड्यात. घाईघाईनं खेळ थांबवला, हात पदराला पुसले, जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी थोरली फोनवर मुलीशी बोलत होती. लेकी बोले सुने लागे. "काय सांगू तुला, घरात उंदीर झालेत वाटतं. माझं एक बदक मारलंय."

धाकटी तोंडात पदराचा बोळा कोंबून आपल्या खोलीत हसत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं जंगलातले मोती एकेक करून वेचले आणि मेलेल्या बदकाची भरपाई करून ठेवली. थोरली पातेल्याला म्हणाली, "उंदीर प्रामाणिक आहे."

तिथून पुढे ते सुरूच झालं. बर्फाच्या टप्प्यावर तरंगत्या लाद्या होत्या. लादी जवळ येईपर्यंत थांबायचं, आली की पाय टाकायचा, पुन्हा थांबायचं. थोरलीच्यानं ते व्हायचं नाही. धाकटीला मात्र थांबण्याची सवय. वाफ पुरती निघेपर्यंत इस्त्री उचलायची नसते, हे तिच्या हाडात होतं. मग थोरली बदकाला नेमकं पहिल्या लादीपाशी आणून ठेवायची आणि आपल्या मशीनवर जाऊन बसायची. धाकटी कामावरून यायची, चहा टाकायची, आणि लाद्या पार करून बदक पलीकडे नेऊन ठेवायची. चहाचे कपही आपोआप दोन व्हायला लागले. तोंडं मात्र बंदच! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो असा.

आणि मग एका संध्याकाळी धाकटीनं फोनवरचं ते बोलणं ऐकलं. या वेळी ते तिला ऐकवायला नव्हतं, थोरलीचा आवाज खाली होता. "हो गं, येते म्हटलं ना. कायमचीच येते. तुझ्या बाबांचं बदक एकदा वर पोचलं, की माझं इथं काय आहे? मशीन नंतर मागवून घेऊ."

धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. म्हणजे आपण रोज संध्याकाळी बदक पुढे नेतोय ते जाऊबाईंना घराबाहेर पोचवायला? आणि त्या गेल्या, की दादांचे ते शब्द? ते काय आपण एकट्यांनी उराशी धरून मरायचं? फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती? तिनं ठरवलं, उद्यापासून लादीवरून मुद्दाम पाय घसरू द्यायचा. दुसऱ्या दिवशी बटणावर अंगठा ठेवलाही. पण पलीकडून मशीनचा आवाज थांबला होता. थोरली कान देऊन बसली होती, बदक पडलं की वाजणाऱ्या त्या मेल्या सुराची वाट बघत, जीव मुठीत धरून. धाकटीच्यानं नाही पाडवलं. पार करून दिलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

बदक मनोऱ्यात शिरलं. सज्ज्यामागून सज्जे चढलं. शेवटच्या सज्ज्याच्या खाली, दादांचं बदक नेहमी जिथून कोसळायचं त्याच्या एकच उडी अलीकडे, थोरलीनं ते थांबवून ठेवलं आणि मुलीला सांगितलं, "रविवारी ये न्यायला. उद्या संपवते." कोपऱ्यात बॅग भरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कामावर निघाली. मनात एकच: आज सांगायचं. आत्ता सांगते. चहा पिताना सांगते. चप्पल घालताना सांगते. थोरली पाठमोरी, सुईत दोरा ओवत होती. धाकटीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि जिना उतरून गेली.

लॉंड्रीत शर्टांचा ढीग होता. कॉलर, बाह्या, पाठ. कॉलर, बाह्या, पाठ. आणि मध्येच तिला घरचा स्विच आठवला. निघताना स्विच पाडले. कुठले? गॅस बघितला, नळ बघितला, भिंतीवर हात फिरवला. दोरा लागला होता का हाताला? लाल दोरा? ती डोळे मिटून हात आठवायला लागली, पण हात काही सांगेना. मन भलतीकडे असताना हात आपलं नेहमीचं करून मोकळे होतात, तिला हे माहीत नसेल तर कुणाला! बंद झालं असेल तर? त्यांच्या माणसाचं राहिलेलं एवढं एकच काम, आणि तेही माझ्याच हातून? आधी माणूस, आता बदक?

"अगं, कुठं चाललीस?" शेजारची ओरडली.

"घरी!" एवढं म्हणून ती एप्रनसकट धावत सुटली.

जिना चढताना तिला धाप लागली होती. स्वयंपाकघरात शिरली. फळीवर खेळ होता. पडदा काळा. स्विच खाली. लाल दोरा तसाच लोंबत होता. थोरली टेबलाशी बसलेली, हात मांडीवर.

धाकटी भिंत धरून उभी राहिली. मग इतक्या महिन्यांनी, कुठल्याही पातेल्याला मध्ये न घेता, ती थेट म्हणाली, "जाऊबाई, माझ्या हातून बंद झालं. मला मारा, शिव्या द्या, काय हवं ते करा. पण गप बसू नका हो. आता मला नाही सहन होत."

थोरलीनं वर पाहिलं. "तू नाही केलंस."

"मीच केलं. मला सवयच..."

"अगं, ऐकशील की नाही? तू गेलीस तेव्हा चालू होतं. मी बंद केलं."

धाकटीला कळेना. "तुम्ही? एक उडी राहिली होती!"

"म्हणूनच." थोरलीनं खेळ उचलला, हातात उलटासुलटा केला. "वर पोचलं की जायचं, असं मीच तोंडानं बोलून बसले. बोललेलं मोडायची मला सवय नाही. मग काय करणार? बदकालाच खाली आणलं." आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मला जायचं नाहीये गं. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. पण तिथं मी कुणावर रागावू?"

धाकटी मटकन समोरच्या खुर्चीत बसली. मग थोरलीनंच विचारलं, खेळाकडे बघत. "त्या दिवशी हे का आणलं होतंस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"आता विचारतेय ना."

"त्यांनीच मागितलं. पडून कंटाळा आलाय म्हणाले. माझी चुळबुळ बघून तेच म्हणाले, जा, इस्त्री बघून ये, नाहीतर तुलाच भरती करावं लागेल. मी म्हटलं, जाऊबाई आल्यावर जाते. तर म्हणाले..." तिनं नाक ओढलं. "म्हणाले, जा गं, धाकटे. मी कुठं पळून चाललोय?"

थोरलीनं खेळावरून नजर वर केली. "असंच म्हणाले?"

"अगदी असंच."

"हसत होते?"

"हसत होते."

"खोटारडा मेला!" थोरली फाडकन म्हणाली, जशी आयुष्यभर त्यांना म्हणत आली होती तशीच. आणि मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन तिनं तोंडावर हात ठेवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी हसू कुणाला फुटलं ते सांगता येणार नाही, पण ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा दोघींचेही चेहरे ओले होते.

"मीसुद्धा नव्हतेच तिथं," थोरली डोळे पुसत म्हणाली. "कोट द्यायला गेले होते. कुणाचा कोट, तेही आता आठवत नाही. ते माझ्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, म्हणून मी तुझ्या तोंडावर म्हटलं. चुकलं माझं."

"असू दे हो."

"असू दे कशाला? चुकलं म्हणजे चुकलं." ती उठली, चहाचं पातेलं उचललं, त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुझं काम संपलं रे बाबा," आणि त्यात पाणी ओतलं. मग एकदम वळली. "पण काय गं, तू या वेळी घरी कशी? आणि हा एप्रन?"

"मला वाटलं, बंद केलं मी. म्हणून धावत..."

"आणि लॉंड्रीतली इस्त्री?"

कॉलरवर टेकवलेली इस्त्री तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. उभी ठेवली? स्विच? प्लग? काही नाही. त्या जाळानंतर आजवर असं एकदाही झालं नव्हतं. "अगं बाई! तशीच टाकून आले!"

"माझ्या बदकापायी?"

धाकटीनं नुसती मान हलवली. थोरली तिच्याकडे बघतच राहिली, पूर्वी कधी पाहिलं नव्हतं तशी. मग भिंतीवरचा फोन घेऊन लॉंड्रीत लावला. पलीकडून शेजारणीचा मोठ्यानं हसण्याचा आवाज धाकटीलाही ऐकू आला: इस्त्री केव्हाच उभी केली, स्विच बंद केला, आणि मालकीणबाईंनी विचारलंय की स्विचबाईंना ताप आलाय का.

"येतेय ती," थोरलीनं सांगितलं आणि फोन ठेवला. "चल, ऊठ. चहा तू आल्यावर पिऊ. मुलीला मी कळवते, रविवारी आपल्या घरी जेवायलाच ये म्हणून."

धाकटी निघाली. दारापर्यंत गेली आणि पाय आपोआप मागे वळले. गॅसवर पाणी चढलेलं होतं, भिंतीवरचे स्विच होते, नळ होता. थोरलीनं लाल दोऱ्याचा स्विच वर केला, ती चिरकी चाल सुरू झाली, आणि तळ्याच्या काठी बदक पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं.

"काय बघतेस? जा," पडद्यावरून डोळे न काढता थोरली म्हणाली. "मी आहे घरात."

धाकटी जिना उतरून गेली. या वेळी स्विच बघायला परत आली नाही.